तुरुंगातल्या तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मी विश्रांतवाडीला राहते, तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून रिटायर झाले. तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो पण पत्र आज पहिल्यांदाच लिहितेय. विषय तुरुंगातल्या लोकांच्या तक्रारींचा आहे, म्हणजे तिथे झोपायची, पाण्याची, संडासची जी अवस्था असते त्याबद्दल कैद्यानं तक्रार केली तर तिचं पुढे काय होतं, ती मिटते कशी आणि मिटली असं ठरवतं कोण. पत्र मोठं होणार आहे. जागा नसेल तर कुठूनही कापा, पण तक्रारपेटीबद्दल जे लिहिलंय ते कृपा करून कापू नका.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकरा महिने जेलमध्ये होता. पुण्याबाहेरचं जेल आहे, नाव लिहीत नाही, कारण मला एका जेलवर बोट ठेवायचं नाहीये. चौकातल्या मारामारीत पाच पोरांना पकडलं त्यात हा एक, जामीन व्हायला अकरा महिने गेले आणि पुढे केस चालली तेव्हा कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. बहीण इतके दिवस म्हणायची की ताई तू कुठे काही लिहू नकोस, पोराला परत त्रास होईल. आता निकाल लागून वर्ष होऊन गेलं, तो नोकरीला लागला, आणि मागच्या आठवड्यात त्यानंच सांगितलं की मावशी आता लिही.

मुलाखतीला आम्ही जायचो तेव्हा काचेपलीकडून फोनवर बोलायचं असायचं. पहिल्या दोन वेळेला तो सारखं "मी मजेत आहे" म्हणत होता. तिसऱ्या वेळेला माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं, फोन धरलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं सारखी खाजवत होता, बोटांच्या बेचक्यांत चट्टे, रक्त आलेलं. खरूज. मी शाळेत इतकी वर्षं पोरं बघितलीत, मला लांबूनही कळलं. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. बराकीत जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं, रात्री एका कुशीवर झोपायचं आणि कूस बदलायची तर शेजारच्याला उठवायचं, नवीन आलेल्याला संडासाच्या शेजारची जागा, आणि तो संडास तुंबला की पाणी बाहेर येऊन अंथरूण भिजायचं, मग उरलेली रात्र भिंतीला टेकून बसायचं. औषध मागितलं की एकच पिवळं मलम सगळ्यांना, तेही चार दिवसांनी. आणि एकाला खरूज झाली की त्या दाटीत ती सगळ्यांनाच होणार, एकट्याला मलम लावून काही होत नाही, सगळ्यांची अंथरुणं कपडे एकदम उकळून वाळवावे लागतात, हे कुठल्याही आईला माहीत असतं.

त्यानं एक कागद लिहिला. नाव नाही घातलं, फक्त बराक नंबर आणि संडासचं लिहिलं आणि तक्रारपेटीत टाकला. तिसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं. अक्षरावरून ओळखलं होतं. त्या बराकीत इतकं वळणदार लिहिणारे दोघं तिघंच होते, आणि संपादक साहेब, ते अक्षर मी लावलेलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायचे. ऑफिसात त्याला कोणी मारलं नाही, हे मी खरं ते सांगते. पण दुसऱ्या बराकीत हलवलं, जिथे त्याच्या ओळखीचं कोणी नव्हतं, आणि एका कागदावर लिहून घेतलं की "माझी कोणतीही तक्रार नाही." खाली सही.

मला हे कळल्यावर मी स्वतः एका सरकारी कार्यालयाकडे रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. सगळं पाठ झालंय मला. "सदर तक्रारीच्या अनुषंगाने संबंधितांकडून अहवाल मागविला असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, तसेच बंद्याने आपली कोणतीही तक्रार नसल्याबाबत लेखी दिले आहे, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांनाच विचारलं की तक्रार खरी आहे का, आणि त्यांनी त्याच पोराकडून घेतलेला कागद पुरावा म्हणून जोडला. त्या बराकीपर्यंत कोणी गेलं नाही. संडास तसाच होता, हे तिथल्याच एका सुटलेल्या मुलानं घरी येऊन सांगितलं.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरून आमच्या बेडरूममध्ये पाणी गळत होतं. भांडण झालं, सहा महिने बोलणं बंद, मग सेक्रेटरींनी मध्ये पडून तडजोड करून दिली. वरच्यांनी वॉटरप्रूफिंग करायचं, अर्धा खर्च सोसायटीनं द्यायचा, आणि मी "तक्रार नाही" असं लिहून द्यायचं. सेक्रेटरी म्हणाले मॅडम आत्ताच सही करून टाका. मी म्हटलं नाही, एक पावसाळा जाऊ दे, भिंत कोरडी राहिली की करते. आणि तशीच केली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घराची मालकीण आहे, मी अडून बसू शकते. कुलपाआड असलेला पोरगा कशाच्या जोरावर अडून बसणार, त्याला तर जेवण, पाणी, औषध, मुलाखत सगळं समोरच्याच्याच हातून मिळतं.

माझी पुतणी लॉ शिकतेय, तिच्याजवळ हे सगळं बोलले तेव्हा तिनं मला युरोपातलं सांगितलं आणि मग मी तिच्या मागे लागून बरंच समजून घेतलं. तिकडे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला मानवी हक्कांचं कोर्ट आहे, स्वतःच्या देशातल्या कोर्टांत दाद मागून झाली, किंवा तिथे उपयोगी पडेल असा मार्गच नसला, की तिकडचा माणूस तिथे थेट स्वतःच्या सरकारविरुद्ध जाऊ शकतो. कैद्यांच्या तक्रारी तिथे ढिगानं जातात, कोठडीत जागा नाही, उजेड नाही, संडासला आडोसा नाही. त्या देशांच्या मानवी हक्कांच्या करारातलं ३ नंबरचं कलम अमानुष आणि अपमानकारक वागणुकीला बंदी करतं, त्याखाली. आणि यातल्या बऱ्याच केसेस निकालापर्यंत न जाता सामोपचारानं मिटतात. सरकार ठरावीक रक्कम देऊ करतं, कैदी मान्य करतो, पुढे यासाठी काही मागणार नाही असं लिहून देतो, कोर्ट ते तपासून केस यादीतून काढतं, आणि ठरलं तसं पैसे दिले की नाही यावर करारातल्या सगळ्या देशांच्या मंत्र्यांची एक समिती लक्ष ठेवते. कैद्यानं रक्कम नाकारली तरी सरकार आपली चूक कबूल करून पैसे देऊ करू शकतं आणि कोर्टाला पटलं तर तशीही केस संपते.

मला आधी हे ऐकून फार बरं वाटलं. चूक झाली असं सरकारनं लिहून द्यायचं हीच केवढी गोष्ट आहे. पण मग मी तिला विचारलं की पैसे मिळाले, केस मिटली, आणि ती कोठडी? तिच्यात आता दुसरा कोणी झोपतोय ना? ती म्हणाली काकू हाच प्रश्न त्या कोर्टापुढेही आला. इटलीच्या सात कैद्यांची केस होती, तोर्रेज्यानी नावानं ओळखतात, ८ जानेवारी २०१३ चा निकाल. ९ चौरस मीटरच्या कोठडीत तिघं, म्हणजे माणशी ३. कोर्टानं भरपाई तर दिलीच पण इटलीला सांगितलं की वर्षभरात अशी व्यवस्था करा की कैद्याला तुमच्याच देशात दाद मिळेल, आणि ती दाद नुसती मागाहून पैसे देण्याची नको, चालू असलेला त्रास तिथल्या तिथे थांबवणारीही पाहिजे. मग इटलीनं २०१४ मध्ये कायदा केला. अशा हालात काढलेल्या दर १० दिवसांमागे शिक्षेतला १ दिवस कमी, आणि जो सुटून गेलाय त्याला दिवसाला ८ युरो. दहा दिवसांमागे एक दिवस, हे मला त्या युरोंपेक्षा जास्त आवडलं. कैद्याजवळ दिवसांशिवाय दुसरं असतं काय.

नंतर २०१६ साली क्रोएशियाच्या एका कैद्याच्या केसमध्ये त्याच कोर्टानं पक्कं केलं की सगळ्यांच्या बराकीत माणशी ३ चौरस मीटरपेक्षा कमी जागा दिली तर हक्काचा भंग झाला असंच धरून चालायचं, नाही झाला हे सरकारनं दाखवून द्यायचं. त्या माणसाला सलग २७ दिवस त्याहून कमी जागेत ठेवलं होतं, तेवढ्यावर तो जिंकला. २७ दिवस. माझा भाचा अकरा महिने होता.

मी घरी टेप घेऊन मोजलं. ३ चौरस मीटर म्हणजे साधारण ३२ चौरस फूट, सिंगल गादी आणि तिच्याभोवती उभं राहण्यापुरती जागा. आपल्याकडच्या आदर्श कारागृह नियमावलीत तर बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर लिहिलंय, म्हणजे युरोपच्या त्या आकड्यापेक्षाही जास्त. मग मी भाच्याला म्हटलं तुझी जागा दाखव. तो गादीवर बसला नाही, खाली फरशीवर आडवा झाला आणि दोन्ही बाजूंना हातानं रेघ मारली. दीड फरशी रुंद. आमच्या हॉलची फरशी एक फुटाची आहे.

आता कोणी म्हणेल हे युरोपचे लाड आपल्याला कशाला. तर आपल्याकडे यातलं काही नवीन नाहीये, उलट बरंच त्यांच्या आधीचं आहे, आणि यानंच माझा जीव जास्त जळतो. तिहार जेलमधून सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना चिठ्ठी लिहिली होती, स्वतःबद्दल नाही, दुसऱ्या कैद्याला वॉर्डरनं, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्यानं, पैशासाठी छळलं त्याबद्दल. कोर्टानं त्या चिठ्ठीलाच अर्ज मानलं, दोन वकिलांना जेलमध्ये जाऊन त्या कैद्याला भेटायला सांगितलं, आणि डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला. त्यात तक्रारपेटीबद्दल स्पष्ट लिहिलंय. पेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या हुकमाखाली ठेवायच्या, त्या वेळोवेळी उघडून तक्रारींवर कारवाई करायची, आणि प्रत्येक कैद्याला त्या पेटीपर्यंत पोचता आलं पाहिजे. म्हणजे किल्ली जेलच्या ऑफिसात नाही, कोर्टाकडे. पंचेचाळीस वर्षांहून जास्त झाली याला. माझा भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि त्याच्या चिठ्ठीची पेटी कोणी उघडली ते वर लिहिलंच आहे.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या जेलमधल्या पंधरा बायकांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टानं तेव्हा काय केलं बघा, जेलकडून अहवाल मागवून गप्प बसले नाहीत, मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्याच्या कॉलेजच्या संचालिकांना पाठवलं आणि सांगितलं की कैदी बायकांशी एकट्यानं बोला, दुसरं कोणी हजर असता कामा नये. १९८३ मध्ये निकाल लागला. मला जे म्हणायचंय ते सगळं या एका गोष्टीत आहे, बाहेरचं माणूस पाहिजे आणि एकट्यानं बोलायला मिळालं पाहिजे. जेलरसाहेब खुर्चीत बसलेत आणि पाहुणे विचारतायत "काय, काही तक्रार?" याला चौकशी म्हणत नाहीत.

मानवी हक्क आयोगाचा मार्ग आहेच, १९९३ चा कायदा आहे, आपल्या राज्याचा आयोग मुंबईला आहे. आयोगाला जेलमध्ये जाऊन बघता येतं, भरपाईची शिफारस करता येते, सरकारनं महिन्याभरात त्यावर काय केलं ते कळवायचं असतं. पण त्या कायद्यात एक अट आहे की घटनेला वर्ष उलटून गेलं तर आयोगाला चौकशी करता येत नाही. आता ज्याला आत असताना तोंड उघडायची भीती वाटते तो बाहेर आल्यावरच बोलणार ना, आणि बाहेर येईपर्यंत वर्ष सहज जातं, दोन जातात. आणि राष्ट्रीय आयोग निनावी तक्रार साधारणपणे घेत नाही. कारण मी समजू शकते, खोट्या चिठ्ठ्या खूप येत असतील. पण मग नाव घालणाऱ्याचं रक्षण कोण करणार? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठी जे नियम केले, नेल्सन मंडेलांच्या नावानं ओळखतात ते, त्यातला ५७ वा नियम हेच सांगतो, तक्रारीवर लगेच काम करा, उत्तर द्या, गुप्तपणे तक्रार करायची सोय द्या आणि तक्रार केली म्हणून कैद्यावर सूड उगवला जाऊ नये हे बघा. माझ्या भाच्याला बराक बदलून दिली तो सूडच होता, भले कागदावर प्रशासकीय कारण असेल.

पैशांबद्दलही मला बोलायचंय. बिहारच्या रुदुल साह यांची केस आहे, १९६८ मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलेला माणूस १९८२ पर्यंत जेलमध्येच होता. चौदा वर्षं. सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्ये त्यांना ३०,००० रुपये द्यायला लावले, आधीचे ५,००० वेगळे, आणि हक्काचा भंग झाला तर सरकारनं पैसे द्यायचे हा पायंडा तिथून पडला. फार मोठी गोष्ट होती ती आणि ते पैसे मिळायलाच पाहिजेत, मी भरपाईच्या विरोधात अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की पैसे घे आणि विषय संपव असं होता कामा नये. पैसे मागच्या दिवसांचे. संडास आजचा. दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवा, आणि पैसे घेतले म्हणून संडासची तक्रार निकाली निघाली असं धरू नका.

आता मी ज्यांच्याशी हे बोलले त्यातल्या निम्म्या लोकांनी, त्यात माझे सख्खे मोठे दीरही आले, मला हेच ऐकवलं की वहिनी, ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलंय त्यांना विचारा, गुन्हेगारांना कशाला हव्यात सोयी. त्यांचा राग खोटा नाही. हंगेरीतही हेच झालं. तिथे युरोपच्या कोर्टाच्या निकालानंतर कैद्यांना दिवसाला १,२०० ते १,६०० फोरिंट (तिथलं चलन) भरपाई द्यायची पद्धत सुरू झाली आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारनं हा वकिलांचा धंदा झालाय म्हणून ती थांबवली. म्हणून मी म्हणते की नुसते पैसे वाटून हा प्रश्न सुटणार नाही, लोक चिडतील आणि बराक तशीच राहील. पण दीरांना मी एक आकडा दाखवला. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या जेलांमध्ये ४,३६,२६६ माणसांची जागा होती आणि होते ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झाला नाहीये. चारातले तीन. जागेचा आकडा आणि कच्च्या कैद्यांचा आकडा जवळजवळ सारखाच आहे बघा, म्हणजे सगळे जेल नुसत्या निकाल न लागलेल्या लोकांनीच भरून जातात. आणि ज्याला शिक्षा झाली त्याला कोर्टानं कैदेची शिक्षा दिलेली असते, निकालपत्रात खरूज लिहिलेली नसते. दीर त्यावर काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी फोन करून भाच्याची चौकशी केली.

गर्दी कमी करता येत नाही असंही नाही. कोरोना आला तेव्हा २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं राज्याराज्यात समित्या नेमायला लावल्या आणि हजारो लोक तात्पुरते सोडले गेले, तेव्हा झालंच ना ते. आता नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमात, आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस काढले असतील तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचंय, फाशी जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि त्यासाठी कोर्टाला कळवायचं काम जेल सुपरिंटेंडेंटचं आहे. हे ज्यांच्या घरातलं कोणी आत आहे त्यांनी जरूर विचारावं. वकील परवडत नसेल तर आत असलेल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, १५१०० नंबरवर फोन करा किंवा शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा. आम्हाला हे सहा महिने कोणी सांगितलंच नाही.

जेलच्या कर्मचाऱ्यांबद्दलही लिहायला पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी वॉर्डर आहे, कुठल्या जेलला ते नको. तो म्हणाला बाई, रात्री इतक्या माणसांवर आम्ही मोजके, संडास तुंबला तर प्लंबर आमच्या हातात नाही, वर पत्र लिहायचं, मंजुरी यायला महिने जातात, आणि मध्ये साहेबांची व्हिजिट आली की "सर्व ठीक" लिहायचं. मला त्याचं पटलं. म्हणूनच तक्रार बाहेर गेली पाहिजे. ती आतच राहिली तर कैद्याबरोबर त्या वॉर्डरचंही तोंड बंद होतं, आणि ज्यांच्याकडे पैसे मंजूर करायचं पेन आहे त्यांच्यापर्यंत तो संडास कधी पोचतच नाही.

तर माझी मागणी काय आहे. तक्रारपेटीची किल्ली १९७९ च्या निकालाप्रमाणे न्यायाधीशांकडे, किंवा त्यांनी सांगितलेल्या बाहेरच्या माणसाकडे द्या, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तसेही जेलमध्ये जातात, त्यांनी दर आठवड्याला पेटी उघडावी. प्रत्येक कागदाला नंबर द्यावा. पाणी, संडास, औषध यांच्या तक्रारीला दिवसांची मुदत पाहिजे, महिन्यांची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "माझी तक्रार नाही" किंवा "माझी तक्रार मिटली" ही कैद्याची सही जेलच्या कोणत्याही माणसासमोर घेतली तर ती धरूच नये. ती बाहेरच्या माणसानं, एकट्यात, आणि आधी स्वतः त्या बराकीत जाऊन नळ सोडून आणि संडासात पाणी टाकून बघून मग घ्यावी. यासाठी फार काही नवीन उभारायला लागत नाही, जेलला अशासकीय अभ्यागत, म्हणजे जेलला भेट देऊन बघणारी सरकारी नोकरीबाहेरची माणसं, नेमायची तरतूद आहे, सुप्रीम कोर्टानं जुलै २०१५ मध्ये राज्यांना त्याची आठवणही करून दिलीय. पुण्यात समाजकार्याची कॉलेजं आहेत, लॉ कॉलेजं आहेत, रिटायर झालेले डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक गल्लोगल्ली आहेत. मला बोलावलं तर मी जाईन. खरूज मला लांबून ओळखता येते.

आमच्या इथून बस येरवड्यावरून जाते तेव्हा त्या लांबलचक भिंतीकडे मी आधी कधी नीट बघितलं नव्हतं. गांधीजी, पुणे करार, १९३२, एवढं मुलांना शिकवायचे आणि पुढचा धडा घ्यायचे. आता बस तिथे सिग्नलला थांबली की बाहेर मुलाखतीसाठी आलेल्या बायका दिसतात, पिशव्या घेऊन, कडेवर पोरं. आत जाऊन त्या विचारणार कसा आहेस, आणि तो सांगणार मी मजेत आहे.

सोबत मला आलेल्या त्या उत्तराची झेरॉक्स पाठवतेय. कार्यालयाचं नाव, जावक नंबर आणि भाच्याचं नाव मी पांढऱ्या शाईनं झाकलंय. शेवटची ओळ मात्र तशीच ठेवली आहे, ती तेवढी छापता आली तर छापा.

आपली,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे